सीझरची तीन घरे आणि आपली वर्णमाला

चि. भाचीस,

संदेश सांकेतिक करणारा प्रोग्राम तू पायथॉनमध्ये लिहायला घेतलास, याचा फार आनंद झाला. नवशिक्याने तो लिहिताना काय जपावे, ते सविस्तर कळवतो.

ज्युलियस सीझर गुप्त पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरे पुढचे अक्षर लिही, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. रोमन सम्राट ऑगस्टस एकच घर सरके; पण त्याच्या वर्णमालेत शेवटच्या ‘एक्स’पुढे अक्षरच नव्हते, म्हणून तिथे तो दोन ‘ए’ लिही.

नवशिक्याचा प्रोग्रामही नेमका याच टोकाला अडतो.

संगणकात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, ‘झेड’चा ९०. ‘वाय’ म्हणजे ८९. त्यात नुसते ३ मिळवले तर ९२ येतात आणि तिथे अक्षर नाही, तिरकी रेघ आहे. म्हणून आधी ६५ वजा करावेत, ३ मिळवावेत, २६ने भागून बाकी घ्यावी आणि पुन्हा ६५ मिळवावेत. उत्तर ६६, म्हणजे ‘बी’. हे गणित आधी कागदावर करावे. उलगडताना ३ वजा करायचे. पायथॉनमध्ये तेव्हाही बाकी धनच येते. सी भाषेत ती ऋण येऊ शकते.

मराठीसाठी मात्र युनिकोडचे, म्हणजे संगणकातल्या अक्षरसूचीचे, क्रमांक सरकवू नयेत. ‘ह’ तीन घरे पुढे नेला की हाती नुक्ता येतो, अक्षराविना नुसता ठिपका! त्यापेक्षा ‘क’ ते ‘ळ’ या ३४ व्यंजनांची स्वतःची यादी करावी, बाकी ३४ने काढावी आणि स्वर, काना-मात्रा, हलन्त जागच्या जागी ठेवावेत. मग ‘नमस्कार’चा ‘बलक्घाश’ होतो: ‘स’ टोकावरून वळून ‘क’वर येतो. तो उलगडून पुन्हा ‘नमस्कार’ मिळाला, तरच काम झाले असे समजावे.

या संकेतात पासवर्ड कधीही ठेवू नये. इंग्रजीत सरकवण्याचे प्रकार अवघे २५. संगणक ते क्षणात तपासतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने तर कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजून संकेत फोडण्याची रीत लिहून ठेवली.

तुझा प्रोग्राम चालू लागला की मराठी उताऱ्यातली व्यंजने मोजणारा दुसरा लिही आणि त्याच्या आधारे पहिल्याचा संदेश फोडून पाहा. दोन्ही मला पाठव.

तुझा,
मामा