फळी का फुटली?

तुमच्यापैकी कोणी घरी एखादे स्टूल, मांडणी किंवा बैठे मेज स्वतः करून पाहिले आहे काय? करवत सरळ चालत नाही, खिळा वाकतो, मोजून कापलेला पाय नेमका आखूड भरतो, हे अनुभव प्रत्येक नवशिक्याला येतात. त्या चुका लगेच दिसतात आणि बहुतेक सुधारताही येतात. परंतु एक चूक अशी आहे, की ती सहा-सात महिने दिसतच नाही. मी ती केलेली आहे.

मी कॉलेजात असताना माझी धाकटी बहीण दहावीला होती. तिला अभ्यासाला बैठे मेज करून द्यावे, म्हणून गणपतीच्या सुटीत मी वखारीतून सागवानाच्या २० सें.मी. रुंदीच्या दोन फळ्या आणल्या. कडा रंध्याने साफ केल्या आणि सरसाने एकमेकींना जोडल्या. ६० सें.मी. लांब व ४० सें.मी. रुंद असा छान पृष्ठभाग तयार झाला. त्याच्या खालून दोन आडव्या पट्ट्या बसवल्या; सरस लावून, वर भरपूर खिळे ठोकून. जितके खिळे जास्त तितके काम पक्के, असा माझा समज होता. पट्ट्यांना पाय जोडले, पॉलिश केले. मेज जराही डुगडुगत नव्हते. घरात सर्वांनी कौतुक केले.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री खोलीत काठी मोडावी तसा आवाज झाला. सकाळी पाहतो तो फळीला एका टोकापासून वीतभर चीर गेलेली! परीक्षेपर्यंत ती वाढत गेली. वहीच्या कागदाखाली चीर आली, की पेनचे टोक कागद फाडून आत जाई. बहिणीने मेजावर पुठ्ठा टाकला आणि त्यावर अभ्यास केला. ती काही बोलली नाही, पण मला त्या मेजाकडे बघवत नसे.

मी वखारवाल्याला दोष देत होतो. शेजारच्या सुतारकाकांनी मेज उलटे करून पाहिले. चीर सरसाच्या सांध्यावर नव्हती. सांध्यापासून बोटभर दूर, अखंड लाकडात होती. म्हणजे सरस चांगला होता. ते म्हणाले, “अरे, लाकूड चांगलंच आहे. तू त्याला हलायला जागाच ठेवली नाहीस.”

फळी हलते म्हणजे काय? हे समजण्यासाठी लाकडाच्या आत डोकावले पाहिजे. लाकूड म्हणजे बारीक, लांबट, पोकळ पेशींची जुडी होय. गवताच्या काड्या एकत्र बांधाव्यात, तशा या पेशी खोडाच्या लांबीच्या दिशेने उभ्या असतात. त्यांनाच आपण तंतू म्हणतो. ओल्या लाकडात दोन ठिकाणी पाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. लाकूड वाळू लागले, की आधी पोकळीतील पाणी जाते. त्यामुळे वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातील पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत उतरले, म्हणजे भिंतींतील पाण्याची पाळी येते. आकुंचन सुरू होते ते येथून.

या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या बनलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक धागे पेशीच्या लांबीशी जवळजवळ समांतर असतात. पाणी या धाग्यांच्या मध्ये शिरते, त्यांना एकमेकांपासून दूर सारते. निघून गेले की धागे जवळ येतात. धाग्यांची स्वतःची लांबी मात्र बदलत नाही. म्हणून लाकूड रुंदीत फुगते व आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. ओले सागवान पूर्ण कोरडे केले, तर वाढीच्या वलयांना स्पर्शरेषेच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते, त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि लांबीत साधारणपणे ०.१ ते ०.२ टक्के. सागवान हे त्यातल्या त्यात कमी आकसणारे लाकूड. इतर पुष्कळ लाकडे याहून अधिक आकसतात.

“पण फळी तर वाळलेली होती!” असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. वाळलेले लाकूड हवेशी पाण्याची देवघेव थांबवत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील पाणी शेवटी ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. देशावर उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत खाली येते, जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्याही वर जाते. जाड फळी सावकाश बदलते, म्हणून आपण पावसाळा ते उन्हाळा हा फरक ८ टक्केच धरू. आता हिशेब करा. ३० टक्के पाणी गेल्यावर ५.८ टक्के आकुंचन, तर ८ टक्के पाणी गेल्यावर सुमारे १.५ टक्के. ४० सें.मी. रुंदीवर ते होते ६ मि.मी.! खालच्या पट्टीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे फळीला आडवे होते. तिची लांबी अर्धा मि.मी.सुद्धा कमी होणार नव्हती. फळी आकसू पाहत होती, पट्टी व खिळे तिला ताणून धरत होते. तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड फार कमी ताण सोसते. त्या दिशेने कुऱ्हाडीने ते सहज फुटते, हे तुम्ही पाहिलेच असेल. खिळे कमी असते, तर कदाचित तेच वाकले असते आणि फळी वाचली असती. माझी मजबुतीच नडली.

बैलगाडी वापरणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उन्हाळ्यात लाकडी चाक आकसले, आरे खिळखिळे झाले आणि लोखंडी धाव सैल पडली, की गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करत. लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट होई. पावसाळ्यात अडणारे दार घाईने रंधून घेऊ नये, तेही याचसाठी. मार्चमध्ये त्याच जागी फट दिसते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात. प्रत्येक थराची लांबी शेजारच्या थराच्या रुंदीला आवरते, म्हणून प्लायवूड फारसे हलत नाही.

परीक्षा झाल्यावर मी आणखी एक चूक केली, तीही सांगून टाकतो. चिरेत लांबी भरून वर पॉलिश मारले. पावसाळा आला, फळी फुगली, चीर मिटू लागली आणि लांबीचा उंचवटा वर आला! कागद फाटण्याऐवजी आता अक्षर वाकडे येऊ लागले.

शेवटी सुतारकाकांच्या देखरेखीखाली दुसरे मेज केले. या वेळी पट्ट्यांना सरस नाही, खिळे नाहीत. खालून फक्त तीन-तीन स्क्रू. मधल्या स्क्रूचे भोक गोल. कडेच्या दोन स्क्रूंची पट्टीतील भोके कानशीने पट्टीच्या लांबीच्या दिशेने लंबगोल केली आणि खाली वॉशर घातले. फळी मध्यावर पक्की राहते आणि दोन्हींकडे सरकू शकते. कडेचा स्क्रू मध्यापासून १५ सें.मी.वर होता. १५ सें.मी.चे १.५ टक्के म्हणजे सव्वादोन मि.मी.; म्हणून भोक ३ मि.मी. जास्त लांब ठेवले. येथे एक खुबी आहे. आम्ही काम केले ऑगस्टमध्ये. तेव्हा फळी पूर्ण फुगलेली असते, पुढे ती आकसणारच. म्हणून स्क्रू भोकाच्या बाहेरच्या टोकाला बसवला, म्हणजे त्याला आत सरकायला जागा मिळते. मे महिन्यात केले असते, तर आतल्या टोकाला बसवावा लागला असता.

हे सर्व तुम्ही करून पाहू शकता. सुताराकडून सागवानाच्या रुंद फळीच्या टोकाचा, २ सें.मी. जाडीचा आडवा काप मागून आणा. शक्यतो २० सें.मी. लांब असू द्या. तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी तंतूंच्या दिशेने कापलेली घ्या. दोन्ही आठवडाभर उन्हात वाळवा, मोजा, वजन करून ठेवा. मग दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. पहिला काप काही मि.मी. वाढलेला दिसेल. दुसऱ्याची वाढ साध्या फूटपट्टीवर वाचून दाखवलीत, तर तुमच्या नजरेला दाद द्यावी लागेल! शाळेच्या प्रयोगशाळेत ओव्हन असेल, तर शिक्षकांच्या मदतीने तुकडा १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा; त्यावरून मूळच्या तुकड्यात किती टक्के पाणी होते तेही काढता येईल.

दुसऱ्या मेजाच्या पट्ट्यांची टोके मी फळीच्या कडांपासून ५ मि.मी. आत ठेवली होती. मे महिन्यात मोजले, तेव्हा एका बाजूला हे अंतर अडीच मि.मी. व दुसऱ्या बाजूला तीन मि.मी. भरले, म्हणजे फळी साडेचार मि.मी. आकसली होती. हिशेबापेक्षा थोडी कमी, कारण पॉलिशमुळे पाण्याची ये-जा मंदावते आणि फळीतील वलये सगळीकडे एकाच दिशेने नसतात. ऑगस्टमध्ये दोन्हींकडे पुन्हा जवळजवळ पाच.

बहीण तोवर अकरावीत गेली होती. पुठ्ठा मात्र तिने काही दिवस मेजावर तसाच राहू दिला.