माईकचे नाव

ढोकीस आमचा लाऊडस्पीकरचा धंदा. वडील चौथी शिकलेले. पण कोणती वायर कोठे जाते, हे ते नुसती चाचपून सांगतात. यंदा गावातील वक्तृत्व स्पर्धेस आठ माईकांची नवी यंत्रणा भाड्याने आणली, ती मी जोडली. तीत प्रत्येक माईकला एकच नेटवर्क केबल. तिच्यातूनच माईकला वीज मिळते आणि आवाज आकड्यांच्या रूपाने परत येतो. कोणता माईक कोठे जोडायचा, हे संगणकावर ठरते. तेथे चाचपायला काही नाही!

मी माईकांना नावे दिली नाहीत. तिसरी मुलगी बोलू लागली आणि मी भलताच माईक उघडला. मागच्या रांगांना तिचा शब्द पोचेना. घाबरून आठही उघडले, तर कर्णे शिट्टी मारू लागले. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाचे आठ केले की ९.

म्हणून आधी एकेका माईकपुढे ‘हॅलो, एक, दोन’ म्हणावे, पडद्यावर कोणती पट्टी हलते ते पाहून तेथे नाव लिहावे, तोच क्रमांक माईकवर चिकटवावा. मग आवाजाची पातळी, मग जोडणी. बोलणाऱ्याचाच माईक वर घेणारी स्वयंचलित सोय सर्वांत शेवटी.

त्या मुलीस मी पुन्हा सुरुवात करण्यास सांगितले. “राहू द्या, दादा,” म्हणून ती खाली उतरली.