हरवला की चोरीला गेला?

विमा हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यात 'वेस्टर्न इंडिया' ही आयुर्विम्याची कंपनी काढली. १९५६ साली सरकारने देशातला आयुर्विमा आपल्या हाती घेतला. तेव्हा ही कंपनी आयुर्विमा महामंडळात मिळाली. त्या काळी माणसे जिवाचा विमा उतरवीत. आता लोक खिशातल्या फोनचाही विमा उतरवतात. फोन घेताना दुकानदार विचारतो, "विमा घेताय का?" आपण हो म्हणतो, पैसे भरतो आणि विसरून जातो. फोन गेला म्हणजे मग आठवण होते.

विम्याचे तत्त्व सोपे आहे. पुष्कळ जण थोडे थोडे पैसे एके ठिकाणी भरतात. त्यांतल्या ज्याचे नुकसान होते, त्याला त्यातून भरपाई मिळते. पण कोणत्या नुकसानीची भरपाई द्यायची, हे आधीच कागदावर ठरलेले असते. त्या कागदाला विमापत्र किंवा पॉलिसी म्हणतात. दुकानदार तोंडी काय बोलला, ते पुढे कोणी विचारत नाही. कागदावर काय लिहिले आहे, तेच पाहतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपली एक बहीण साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीला निघाली आहे. फोन पिशवीत आहे. स्टँडवर चढताना गर्दी झाली. कराडला पुन्हा गर्दी झाली. आष्ट्याच्या पुढे तिने पिशवीत हात घातला. पिशवीला ब्लेडची चीर! चौदा हजारांचा फोन गेला.

सांगलीला उतरून ती पोलीस ठाण्यात गेली. तिथले हवालदार म्हणाले, "मावशी, चोरी कुठं झाली?"

"ते कसं सांगू, साहेब? गाडी चालू होती. साताऱ्याला झाली का कराडला, काय ठाऊक!"

"मग गहाळ झाल्याचा दाखला देतो. नवं सिमकार्ड मिळायला तेवढा पुरे."

बाईने सही केली. सिमकार्ड मिळाले. पण विमा कंपनीने कळवले, "आपला फोन गहाळ झाला आहे. हरवलेल्या वस्तूची भरपाई विमापत्रात नाही." चिरलेली पिशवी घरात होती, पण कागदावर चोरीचे नावही नव्हते. एका शब्दाने चौदा हजार रुपये अडकले.

गहाळ होणे म्हणजे हरवणे. चोरी म्हणजे दुसऱ्याने नेणे. बोलताना आपण दोन्हीला "फोन गेला" म्हणतो. कायदा आणि विमापत्र या दोन्हींत फरक करतात.

आता बहिणीने काय करायला हवे होते, ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिले काम. दुसऱ्याच्या फोनवरून सिमकार्ड बंद करावे. फोनवरून पैसे देत-घेत असाल तर बँकेलाही लगेच कळवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

दुसरे काम. ठाण्यात जाऊन चोरीची फिर्याद द्यावी. "आमच्या हद्दीत झाली नाही," असे कोणी म्हटले तरी परत फिरू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कोठेही घडलेला असो. तिला 'झिरो एफ.आय.आर.' म्हणतात. ते ठाणे मग कागद योग्य ठाण्याकडे पाठवते. चोरी आगगाडीत झाली तर लोहमार्ग पोलीस आहेत. मिरज जंक्शनला त्यांचे ठाणे आहे. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे.

तिसरे काम. हे सर्वांत महत्त्वाचे. लिहिलेली फिर्याद सही करण्यापूर्वी वाचावी. कायद्याप्रमाणे ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. तीत 'चोरी' हा शब्द आहे का? पिशवी कापल्याचे लिहिले आहे का? गाडी, तारीख, वेळ बरोबर आहे का? फोनचा आयएमईआय क्रमांक आहे का? नसेल तर नम्रपणे म्हणावे, "साहेब, एवढं दुरुस्त करा, मग सही करते." फिर्याद घेतलीच नाही, तर सगळी हकीकत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. ही सोयही त्याच कलमात आहे.

आयएमईआय म्हणजे फोनचा १५ आकडी क्रमांक. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तो खोक्यावर छापलेला असतो. फोनवर *#०६# दाबले की दिसतो. सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर हा क्रमांक आणि पोलिसांचा कागद दिला की चोरीचा फोन बंद पाडता येतो. ही सेवा मे २०२३ मध्ये देशभर सुरू झाली.

चौथे काम. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. किती तासांत किंवा किती दिवसांत कळवायचे, ते विमापत्रात असते. दाव्याच्या अर्जाबरोबर फिर्यादीची प्रत, फोनचे बिल, ओळखीचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील जोडावा. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवावी. पोच घ्यावी.

येथे एक अडचण असते. पुष्कळांचे विमापत्र फोनमध्येच आलेले असते. फोनबरोबर तेही जाते! म्हणून फोन घेतला त्याच आठवड्यात विमापत्र छापून घ्यावे. बिल आणि खोके यांच्यासह ते ट्रंकेत ठेवावे.

विमापत्र वाचतानाही शब्द पाहावेत. काही विमापत्रांत फक्त जबरीने किंवा कुलूप फोडून झालेल्या चोरीची भरपाई असते. खिसा कापला तर मिळत नाही. कोठे लिहिलेले असते, "वस्तू बेवारस ठेवली तर भरपाई नाही." म्हणजे बाकावर फोन ठेवून पाणी प्यायला गेलो, तर दावा बुडाला. शिवाय जुन्या फोनचा घसारा कापतात. म्हणून पूर्ण किंमत मिळेलच, असे धरून चालू नये.

कळवायला उशीर झाला तर? एकाचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. त्याने फिर्याद त्याच दिवशी दिली, पण विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवले. कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, फिर्याद ताबडतोब दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही. हा निकाल वाहनाच्या विम्याचा आहे. त्याच्या भरवशावर आपण उशीर करू नये. पण त्यातून एवढे शिकावे, की पहिली फिर्याद हाच दाव्याचा पाया.

आपल्या बहिणीनेही हातपाय गाळू नयेत. चोरीची फिर्याद अजून देता येईल. उशीर का झाला, ते तीत खरे लिहावे. चिरलेली पिशवी आणि तिकीट जपून ठेवावे. कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. सातारा आणि सांगली येथे जिल्हा ग्राहक आयोगही आहेत.

एक गोष्ट उलट बाजूने सांगितली पाहिजे. फोन खरोखर हरवला असेल तर पैशासाठी 'चोरी' लिहवून घेऊ नये. खोटी फिर्याद हा गुन्हा आहे. आणि खोटे दावे वाढले की खऱ्या माणसालाही कंपनी संशयाने पाहते. जे झाले तेच लिहावे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर करण्याचा तिचा उद्देश होता. अंगठा उठवणारी मोठी माणसे सही करू लागली. ती मोठी गोष्ट झाली. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फारसे अंतर नाही, असे आम्हाला वाटते. वाचता येते तर वाचावे. घाई झाली, मागे रांग लागली, समोरचा माणूस मोठा अधिकारी असला, तरी वाचावे. समजले नाही तर विचारावे. त्यात कमीपणा नाही.

नवे शब्द
गहाळ – हरवलेले.
फिर्याद – गुन्ह्याची पोलिसांकडे दिलेली खबर.
दखलपात्र – ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात तो.
दावा – भरपाईची मागणी.
घसारा – वस्तू जुनी झाल्यामुळे कमी झालेली किंमत.

प्रश्न
१. बाईच्या कागदावर कोणता शब्द होता? कोणता हवा होता?
२. चोरी कोणत्या गावी झाली ते माहीत नसेल तर फिर्याद कोठे देता येते?
३. सही करण्यापूर्वी फिर्यादीत कोणत्या गोष्टी पाहाल?
४. आपल्या फोनचा १५ आकडी क्रमांक वहीत लिहा. घरी विमापत्र असेल तर त्यात 'चोरी' हा शब्द शोधा. त्याच्या पुढचे वाक्य शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.