रेडीरेकनरचा दर म्हणजे शेवटचा दर नव्हे

प्रश्न : कालव्यासाठी आमची दोन एकर बागायत जाणार आहे. मोबदला रेडीरेकनरनेच मिळेल आणि रक्कम उचलली की कोर्टाचा रस्ता बंद, असं गावात म्हणतात. खरं आहे का?
– एक शेतकरी, जि. सोलापूर

उत्तर : दादा, दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात रेडीरेकनर हा एक आधार आहे. परिसरातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं काढून, त्यांतल्या जास्त दराच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. ती जास्त भरली तर तीच लागू होते. ग्रामीण भागात त्या किमतीला 1 ते 2 पर्यंतचा गुणांक लागतो. त्यात विहीर, झाडं, पाइपलाइन यांचं मोल मिळवतात आणि एकूण रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम देतात.

खरी गफलत होते ती संयुक्त मोजणीत. विहीर आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, पीकपाहणीत जमीन जिरायत! ही दुरुस्ती आजच तलाठ्याकडे मागा. मोजणीला स्वतः हजर राहा, झाडं मोजून घ्या.

रक्कम जरूर उचला, पण ‘हरकत राखून स्वीकारली’ असं लेखी देऊनच. नाहीतर वाढीव मोबदल्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जाची पोच जपून ठेवा.