सुरतेत आरसी बग्गी: गाडीपासून शर्यतीच्या सेटिंगपर्यंत किती खर्च?

रिमोटवर धावणारी ऑफ-रोड गाडी घ्यायची असेल तर हातातल्या पैशांपैकी निम्मेच गाडीवर घाला. उरलेले बॅटरी, चार्जर, टायर, तेल आणि मोडणाऱ्या सुट्या भागांवर जाणार आहेत. दुकानदार हे विकताना सांगत नाही, म्हणून इथे आधीच सांगतो. खालचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. घेताना दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

कोणती गाडी, किती बजेट

शिकण्यासाठी १:१४ मापाची तयार गाडी, उदाहरणार्थ डब्ल्यूएलटॉइज १४४००१, पुरेशी आहे. १० ते १५ हजार रुपये धरा. बॅटरी आणि चार्जर खोक्यातच येतात. पण तो यूएसबी चार्जर फार सावकाश चालतो.

१:१० मापाच्या ट्रॅक्सस स्लॅशसारख्या तयार गाडीसाठी ३५ ते ५० हजार धरा. बॅटरी-चार्जर खोक्यात आहे की नाही, हे बिलाआधी विचारा.

टीम असोसिएटेडसारख्या कंपनीचं शर्यतीचं किट पाहून हुरळू नका. किटमध्ये मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), रिमोट, बॅटरी यांपैकी काहीच नसतं. बऱ्याचदा टायरही नसतात आणि बॉडी रंगवायची असते. किटच्या किमतीच्या दुप्पट तयारी ठेवा आणि जोडणीसाठी तीन-चार सुट्टीच्या दुपारी मोकळ्या ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर नायट्रो इंजिनाच्या वाटेला जाऊ नका. त्याचं इंधन घरात साठवणं धोक्याचं आणि आवाजावरून शेजारी दारात.

मॉडेल ठरवण्याआधी एक परीक्षा घ्या. पुढचा आर्म, स्पर गिअर आणि ड्राइव्हशाफ्ट हे तीन भाग भारतात तयार मिळतात का ते पाहा. मिळत नसतील तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

बाहेरून मागवताना

खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार. त्यामुळे वेबसाइटवरची किंमत पाहू नका, सगळं धरून दारात किती पडते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. दरही मागवण्याच्या दिवशी तपासा, अर्थसंकल्पात ते बदलतात.

कागदपत्रं: आधार किंवा पॅन आणि पैसे भरल्याची पावती. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून शुल्क वाचवण्याची पळवाट डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही, पण आयात होणाऱ्या उपकरणाला डब्ल्यूपीसी या सरकारी वायरलेस विभागाची मंजुरी लागते. यातल्या कशावरूनही पार्सल अडकू शकतं. म्हणून गाडी आणि रिमोट भारतातल्या विक्रेत्याकडून, जीएसटी बिलासह घ्या. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तर बाहेरून मागवूच नका.

गावातच काय मिळेल

बेअरिंग: सुरतेत यंत्रमागांमुळे बेअरिंगची दुकानं भरपूर. जुनं बेअरिंग सोबत न्या आणि नंबराने मागा. ५×१०×४ मिमीला एमआर१०५, १०×१५×४ ला ६७००. धुळीसाठी रबर सीलचं घ्या. हॉबीच्या दुकानातल्या सेटपेक्षा हे सहसा स्वस्त पडतं.

शॉकचं तेल: एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात धाग्याला लावायचं सिलिकॉन तेल स्वस्त मिळतं, पण डब्यावर श्यानता, म्हणजे तेलाचा दाटपणा, लिहिलेली नसेल तर घेऊ नका. तुम्हाला साधारण ३५० सीएसटीचं शुद्ध सिलिकॉन हवं. कापड मऊ करायचं पाणीमिश्रित सिलिकॉन चालणार नाही. हॉबीच्या छोट्या बाटलीला ५०० ते ७०० रुपये धरा.

चार्जर, कनेक्टर, सर्व्हो: यांसाठी मात्र पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबई गाठा, लॅमिंग्टन रोडवर खरेदी करा, संध्याकाळच्या गाडीने परत या. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात.

बॅटरी: इथे काटकसर नको

२-सेल, ५००० एमएएचच्या लिपोला ३ ते ४.५ हजार, बॅलन्स चार्जरला दीड ते अडीच हजार धरा. चार्जिंग ५ अँपिअरच्या वर नेऊ नका. अर्धी रिकामी बॅटरी साधारण अर्ध्या-पाऊण तासात भरते. प्रति सेल ३.२ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, आठवडाभर वापर नसेल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. चार्जिंग सुरू असताना झोपू नका. विमानाने जाताना सुटी बॅटरी केबिनच्या सामानात न्या. ही ३७ वॅट-तासांची आहे, मर्यादा १०० ची.

सेटिंग: फुकटचं आधी, विकतचं शेवटी

१. उंची. बॅटरी बसवून गाडी वीतभर उंचीवरून सोडा, मग मोजा. १:१० बग्गीला २० ते २२ मिमी. डावी-उजवी बाजू सारखी हवी.

२. चाकांचा कोन. वरची कड १ ते २ अंश आत. पुढची चाकं सरळ किंवा जेमतेम बाहेर. मागच्या चाकांना कारखान्याने दिलेला कोन राहू द्या.

३. गिअरची फट. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून फिरवा. कागदाला घड्या पडाव्यात, तो फाटू नये.

४. रिमोट. चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर रिमोटवरची वळण्याची मर्यादा कमी करा, नाहीतर तो जळेल आणि दीड-दोन हजारांना पडेल. सिग्नल तुटल्यावर ब्रेक लागेल असा फेलसेफ लावा.

५. शॉकचं तेल. ३० ते ३५ वेटपासून (वेट हे हॉबीच्या तेलाच्या जाडीचं माप) सुरू करा. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, एक पायरी जाड घाला. उडीनंतर तळ आपटत असेल तरीही जाड घाला.

६. टायर. चार टायरना दीड ते तीन हजार धरा. पकड मिळत नसेल तर मोटरआधी टायर बदला.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. वळणात पुढचं टोक बाहेर जात असेल तर पुढची स्प्रिंग मऊ करा, मागचं टोक फिरत असेल तर मागची. पाच मिनिटं पळवून मोटरचं तापमान मोजा. ७५ अंशांच्या वर गेलं तर पिनियन एका दाताने लहान करा. पिनियन २०० ते ४०० रुपयांना मिळेल, नवी मोटर त्याच्या कितीतरी पट.

कुठे पळवाल

डुमसच्या काळ्या वाळूत नको. तिच्यातले लोहकण मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि खारी हवा स्क्रू गंजवते. पावसाळ्यात काळी माती चाकांत घट्ट बसून गिअर मोडते. दिवाळी ते होळी हा चांगला हंगाम. दिंडोली, वेसूकडच्या मोकळ्या प्लॉटवर आधी मालकाची परवानगी घ्या. या गाडीला ड्रोनसारखी नोंदणी लागत नाही, पण रस्त्यावर काढू नका.

शर्यतीला निघताना पिशवीत दोन पुढचे आर्म, एक स्पर गिअर, जास्तीची बॅटरी, हेक्स ड्रायव्हर आणि स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकट द्रव (थ्रेडलॉक) असू द्या. वस्तू सदोष निघाली तर आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा. त्यासाठी बिल आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.