गोवर निर्मूलन : अखेरच्या पाच मुलांचा प्रश्न

'गोवर सर्वांनाच निघतो, निघून जाऊ द्यावा,' असे म्हणत जुनी माणसे बाळाच्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवीत. ही समजूत आपण आता सोडली पाहिजे. गोवरामुळे न्यूमोनिया, अतिसार व क्वचित मेंदूला सूज येते. कुपोषित बालकाची दृष्टीही जाऊ शकते. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी मिळविलेली प्रतिकारशक्तीही गोवरामुळे घटते.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो दोन तासांपर्यंत तेथे टिकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना रोग देते. म्हणजे आईच्या लक्षात येईपर्यंत शेजारच्या घरात लागण झालेली असते. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना गोवर होऊ शकतो. म्हणूनच तो थोपविण्यासाठी शंभरापैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेच पाहिजेत.

दोन डोस कशासाठी, हे विद्यार्थ्यांनी हिशेबाने समजून घ्यावे. नवव्या महिन्याच्या एका डोसाने शंभरातील सुमारे ८५ मुलांना संरक्षण मिळते. शंभरापैकी नव्वदच मुलांना लस टोचली, तर सुरक्षित मुले ७६-७७ च उरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस देतात.

गोवराची लस १९६३ साली निघाली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती १९८५ पासून आहे. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली व ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना लस देण्यात आली. तरीही २०२२ साली मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे उद्रेक झाला. देशाने निर्मूलनासाठी ठरविलेले २०२३ हे वर्ष हुकले व पुढे २०२६ हे लक्ष्य ठरले. शहराची सरासरी चांगली असली, तरी एखाद्या वस्तीत लस न मिळालेली मुले एकत्र साठली की रोग तेथेच वाट शोधतो.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व मराठवाड्यात ही मुले कोठे असतात? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत, वीटभट्टीवर, बांधकामाच्या जागी. बाळाला नववा महिना लागतो तेव्हा गाव दूर राहिलेले असते. पण लस गावातच घ्यावी असे बंधन नाही. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप आला, तरी त्या भीतीने दुसरा डोस टाळू नये.

आपण प्रत्येकाने आपल्या गल्लीतील पाच वर्षांखालील मुलांची लसीकरण कार्डे पाहावीत. ज्या कार्डावर दुसऱ्या डोसाची जागा कोरी दिसेल, त्या घरच्या आईला आशाताईंची गाठ घालून द्यावी. ९५ मुलांची काळजी सरकारी यंत्रणा घेईल. राहिलेल्या पाच मुलांपर्यंत पोहोचणे मात्र आपल्यालाच जमेल, कारण त्यांची घरे आपल्याला ठाऊक आहेत.