हृदय नसलेली ड्रेनेज लाइन

शरीरातली ड्रेनेज लाइन म्हणजे लसीकासंस्था! रक्तातून झिरपलेलं, परत न शिरलेलं रोजचं सुमारे ३ लिटर पाणी ती मानेजवळच्या शिरांत सोडते. तिला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांवरच काम चालतं. वाटेतल्या गाठी म्हणजे फिल्टर. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते त्यामुळेच.

आमच्या विदर्भात क्युलेक्स डासांमार्फत हत्तीरोगाचे जंत या नळ्यांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. व्हॉल्व्ह निकामी होतात, पाणी तुंबतं, पाय सुजतो. जुनी सूज मग पुरती उतरत नाही. म्हणून मी सांगतो, गोळ्या वाटायला आले की जेवून त्यांच्यासमोरच गिळा, खिशात टाकू नका. आणि हॉस्टेलच्या सेप्टिक टँकच्या पाइपला जाळी बांधाच!